अण्णांची बॅग आणि एक्स्ट्राडिशन

रविवार, संध्याकाळ

...पण अट आत्याची होती, माझी नाही! आजोबांनी कबुतरांना दाणे घातले, सोसायटीची नोटीस आली, बाबा ओरडले. आजोबा बॅग भरून नेरूळला आत्याकडे. आज मी आणायला गेले तर आत्या म्हणाली, "नेशील गं, पण दादा परत ओरडला तर?"

मी लॉवाली, लगेच सुरू. एक्स्ट्राडिशनमध्ये, म्हणजे दुसऱ्या देशाकडून आरोपी ताब्यात घेताना, तो ज्या गुन्ह्यासाठी मागून घेतला, त्याचाच खटला चालतो. आधीचा दुसरा गुन्हा काढायचा, तर पहिले त्याला परत जायची संधी द्यायची. आत्याने लगेच तीच अट घातली: कबुतरं सोडून बाबांनी जुनं काही उकरलं, तर आजोबा बॅगेसह परत नेरूळला. आजोबा जाम खूश. बॅग घेऊन निघालेच.

घरी बाबांनी कबुतरांचं नावही काढलं नाही. स्वतः चहा केला. मग हळूच, "अण्णा, माझी नवी छत्री कुठंय?"

ती आजोबांनी कधीच दिवाळे गावच्या मासेवाल्या मावशींना दिलीय. उन्हात बसतात म्हणून.

"हा आरोप नवीन आहे," आजोबा म्हणाले. "माझी बॅग द्या."

बाबा उठले, बॅग स्वतःच्या कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. परत जायची संधीच गायब! कायद्यात हे अजिबात बसत नाही. पण आजोबा तेव्हापासून गालातल्या गालात हसतायत. मग मी केस कोणाची घेऊ, तुला काय वाटतं?