उभ्या गाडीचे स्टिअरिंग

मी, खाली अंगठा उमटवणारा, वय सहासष्ट, धंदा मोटारींचे स्टिअरिंग दुरुस्त करणे, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी, कोणाच्याही दडपणाखाली न येता करीत आहे. डोके शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. नसांच्या आजाराने हातांतले बळ गेले, दोन महिन्यांपूर्वी वाचाही गेली, म्हणून मजकूर फोनवर एका बोटाने लिहून वकिलांकडे दिला. त्यांनी कायद्याचे शब्द घातले. बाकीचे काढायला निघाले होते, ते मी काढू दिले नाही.

१. राहते घर पत्नीला द्यावे. मुलगी हरकत घेणार नाही, तिला या घराचा जिना कधीच आवडला नाही. बँकेत जे उरेल ते दोघींनी समान वाटून घ्यावे.

२. वर्कशॉपमधील माझी सर्व हत्यारे माझ्या भागीदाराला द्यावीत. सगळे त्याला फिरकी म्हणतात. त्याने पूर्वीच नेलेला पान्यांचा संच आता परत मागण्यात अर्थ नाही, तोही त्याचाच समजावा. त्याच्याशी मी दोन वर्षे अबोला धरला होता. कारण कलम ४ मध्ये येईल. चूक माझी होती.

३. रविवारी गाड्या घेऊन जमणाऱ्या मित्रमंडळींनी माझ्या अंत्ययात्रेला ताफा आणू नये. कलम ४ मधल्या ज्या कामासाठी त्यांनी मला डोक्यावर घेतले ते काम वाईट होते. म्हणजे काम चोख होते, करायला नको होते.

४. माझी दोन दारांची वेगवान गाडी. ही शर्यतीची नव्हे, रोज रस्त्यावर चालणारी होती, आणि रोज चालवायची ती माझी पत्नी. बावीस वर्षांपूर्वी मी या गाडीचे पॉवर स्टिअरिंग, म्हणजे हातातले चाक हलके करणारी यंत्रणा, काढले. पंप, पट्टा, नळ्या, सगळे उतरवले. नळ्यांची टोके एकमेकांना जोडून मोकळे होण्याचा आळशीपणा केला नाही. टायर वळवणारा रॅक उघडून आतले सील काढले, भोके बंद केली, नवे ग्रीस भरले. पुढे रुंद टायर होतेच. चाकातून रस्ता हातात बोलायला लागला. फिरकी म्हणाला, "वहिनींना विचारलंस का?" मी म्हणालो, "माझ्या गाडीला तिची परवानगी कशाला?" तो म्हणाला, "अरे, चालवते कोण?" तिथे अबोला सुरू झाला.

असे स्टिअरिंग चालत्या गाडीत हलके असते, उभ्या गाडीत घाम काढते. मी चाचणी घेतली ती मोकळ्या रस्त्यावर. आमच्या वर्कशॉपचे अंगण एवढे मोठे की उभ्या गाडीत चाक फिरवायची वेळ माझ्यावर कधी आलीच नाही. पत्नी दर गुरुवारी तिच्या बहिणीकडे जायची. तिथे अरुंद बोळ, शेवटी भिंत, पुढे-मागे करत गाडी वळवायची. दोन महिने तिने रेटले. मग म्हणाली, "जड जातंय हो." मी म्हणालो, "हाताला सवय लागेल." ती बसने जाऊ लागली. दोन बस बदलून. दर गुरुवारचे महिन्यावर आले, मग वर्षातून दोनदा. मी दुसरी गाडी घेतली नाही. खरे सांगायचे तर गाडी पूर्ण माझी झाली म्हणून मला बरेच वाटले होते. चार वर्षांपूर्वी बहीण वारली.

मागच्या वर्षी, हात नुकते ढिले पडू लागले होते तेव्हा, एका दुकानासमोर गाडी वळवताना मी अडकलो. गाडी उभी आणि चाक हलेना. पत्नी बाजूच्या सीटवर होती. म्हणाली, "किंचित पुढे सरकवत वळवा. मी तसंच करायचे." तिला किती जड जात होते ते मला तिथे कळले. तेव्हा मला बोलता येत होते. मी म्हणालो, "टायरात हवा कमी आहे."

नंतर फिरकीकडून पॉवर स्टिअरिंग परत बसवून घेतले. ती एकदा गाडीत बसली. एका बोटाने चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवले, इंजिन बंद केले, घरात येऊन किल्ली टेबलावर ठेवली. म्हणाली, "छान झालीय. पण मला ताईकडेच जायचं असायचं. आता कुठे नेऊ ही?"

गाडी तरीही तिच्याच नावे करीत आहे. तिने ठेवावी, विकावी, भंगारात द्यावी.

५. टायरात हवा बरोबर होती. मी पत्नीची माफी मागतो.

हे कलम कायद्यात बसत नाही, असे वकिलांचे म्हणणे आहे. मसुदा पत्नीला वाचायला दिला. तिने दोनदा वाचला. म्हणाली, "बोलता येत होतं तेव्हा बोलायचं होतं तुम्ही." कलम ठेवायचे का, असे वकिलांनी तिला विचारले. ती म्हणाली, "त्यांचं आहे. मला काय विचारता?"

वरील मजकूर मला वाचून दाखवला, मला तो मान्य आहे. सही करता येत नसल्याने डाव्या हाताचा अंगठा.

(अंगठा)

साक्षीदार: १. उपचार करणारे डॉक्टर (सही)
२. समोरचे शिंपी (सही)

स्थळ: राहते घर, पुढची खोली
दिनांक: ११ फेब्रुवारी २०२४