पडद्यामागची दोन मशिनं

लालबाग,
२ ऑगस्ट २०२५

ती. नलूआत्यास,
विनीतचा शि. सा. न. वि. वि.

तू माझा फोन घेणं बंद केलंस. म्हणालीस, फोनवर तू भांडतोस, काय असेल ते पत्रात लिही, लिहिताना डोकं थंड होतं. तर लिहितोय. डोकं काही थंड झालेलं नाही. लालबागहून फणसवाडीला पत्र टाकणारा मुंबईत मी एकटाच असेन. पोस्टातला माणूससुद्धा पत्ता वाचून हसला.

काम असं आहे. आपल्या मंडळाच्या डायलिसिस सेंटरची नोंदणी संपत आलीय. नूतनीकरणाआधी महापालिकेचे आरोग्य अधिकारी तपासणीला येणार. नोंदणी पाच मशिनांची आहे, चालतात सात. गेल्या वर्षी दोन देणगीत आली, आणि पेशंट तर जिन्यापर्यंत ताटकळलेले, मग ती आम्ही शेजारच्या कॅरमच्या खोलीत लावली. पाण्याचा पाइप मी आणि मंडळाच्या पोरांनीच भिंत फोडून ओढला. बाबांना त्यातल्याच एका मशिनवर घेतात. ती खोली बंद झाली तर बाबांचा नंबर गेला, आणि दुसरीकडे कुठे लगेच जागा मिळत नाही. डायलिसिस चुकलं की काय होतं ते तू शिमग्याला पाहिलंयस, पाय सुजून खांब झाले होते.

तू त्याच खात्यात नर्सिंग होमच्या नोंदणीच्या टेबलावर बसायचीस. ओळख निघेलच. साहेबांना एक फोन कर. मी कॉलेज अर्धवट सोडलं त्याचा राग माझ्यावर काढ, बाबांवर नको.

आमची टेक्निशियन पूर्वी म्हणते, दोन मशिनं सरळ अर्जात दाखवा. तिला सगळं सरळच दिसतं. बाकी सुई टोचताना ती पेशंटशी इतकं हळू बोलते ना, की मी बाहेर पेशंटची नावं लिहायला बसतो, तिथून ऐकायला जातो आणि माझ्या नोंदी चुकतात. तिला हे सांगितलेलं नाही. तू आईला सांगू नकोस.

रागाव हवी तेवढी, पण फोन कर.
तुझा,
विनीत

फणसवाडी, गिरगाव,
६ ऑगस्ट २०२५

चि. विनीत यास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. कॉलेजात गेल्यावर तुझं अक्षर बिघडलं होतं, सोडल्यावर सुधारलंय. तेवढाच फायदा.

फोन मी करणार नाही. मी त्या टेबलावर होते तेव्हा असे फोन मलाही यायचे, कुणाच्या तरी आत्याचेच. नोंदणीत पाच म्हटलं की अधिकारी पाच मशिनांपुरती माणसं बघतो, पाणी बघतो, आगीची सोय बघतो. सहावं-सातवं त्याच्या लेखी जगातच नाही. मग तिथे काही बिघडलं तर बघायचं कुणी? हेरंबला सांग, सातांचा अर्ज कर. अध्यक्ष झाला म्हणून काय, माझ्यासमोर चड्डीत हिंडलाय तो. वेळ लागेल, लागू दे. तोवर गुणासाठी, तुझ्या बापासाठी, दुसरीकडे जागा शोध. शोधायला पाय लागतात, ओळख लागत नाही.

आणखी एक. वहिनी म्हणत होती, गुणा हल्ली डायलिसिसहून कुडकुडत येतो. आधी असं नव्हतं. वयामुळे होतं असं तू तिला सांगितलंस म्हणे. तू डॉक्टर कधी झालास रे? सेंटरवर नीट विचार.

बापाच्या नंबराबद्दल लिहिता लिहिता त्या मुलीच्या आवाजावर घसरलास, तेव्हाच काय ते कळलं. वहिनीला सांगत नाही. तिला माहीत असणारच.

जेवत जा वेळेवर. तुझ्यावरची माया काही त्या नोंदणीसारखी संपायची नाही.
नलूआत्या

लालबाग,
१२ ऑगस्ट २०२५

ती. नलूआत्यास शि. सा. न. वि. वि.

सगळा सत्यानाश झाला.

काल तपासणी झाली. हेरंबकाकांनी भारी डोकं चालवलं होतं. मंडळाची मूर्ती अजून कारखान्यात आहे, पण तिच्यावर टाकायचा पडदा येऊन पडलाय. आम्ही कॅरमच्या खोलीतली दोन्ही मशिनं भिंतीला सारली, वरून तो लाल पडदा सोडला, पुढे पाट, समई, हार. आगमनानंतर झाकून ठेवलेली मूर्तीच जणू. त्या खोलीतले पेशंट आदल्या दिवशीच उरकले होते.

साहेब आले, उंबऱ्याशी बूट काढले आणि डोळे मिटून हात जोडले. आगमन नीट झालं का, असंही विचारलं. हेरंबकाका म्हणाले, अगदी वाजतगाजत. मी ओठ चावून हसू दाबत होतो. साहेब बाहेर पडायला वळले तेवढ्यात पूर्वी म्हणाली, साहेब, पडद्यामागे गणपती नाहीये.

साहेबांनी आधी बूट घातले. मग स्वतःच पडदा ओढला. खोलीला सील लागलं, पाइपमधल्या पाण्याचा नमुना गेला, मंडळाला नोटीस आली. पाच मशिनं चालू राहतील म्हणे.

मी तिला सगळ्यांसमोर वाटेल ते बोललो. म्हटलं, तुझा बाप त्या मशिनवर असता तर तोंड उघडलं असतंस का. ती म्हणाली, आधीच उघडलं असतं. थंडी फक्त त्याच खोलीतल्या पेशंटना वाजते, असं तिने हेरंबकाकांना केव्हाच सांगितलं होतं. त्या पाच मशिनांच्या पाण्याची तपासणी दर महिन्याला होते. आम्ही ओढलेल्या पाइपची कधीच झाली नाही, कारण कागदावर ती खोलीच नाही. मी म्हटलं, मला शिकवू नकोस, तू माझ्या बाबांचा नंबर घालवलास. ती पुढच्या पेशंटसाठी हात धुवायला गेली.

उद्या बाबांचा दिवस आहे आणि जागा नाही. डॉक्टरांनी भायखळ्याच्या एका सेंटरमध्ये शब्द टाकलाय, तिकडून अजून हो आलेलं नाही. मला तिचा भयंकर राग आलाय, आणि ती नोकरी सोडून जाईल की काय याची भीतीही वाटतेय. माझ्यासारखा माणूस कुणाला हवाय, सांग.

अजून तुझाच म्हणत असशील तर,
विनीत

फणसवाडी,
१६ ऑगस्ट २०२५

चि. विनीत यास आशीर्वाद.

वहिनीकडून कळलं, एक दिवस खोळंबून का होईना, गुणाला भायखळ्याला घेतलं. जीव भांड्यात पडला. झाकलेल्या मशिनांपुढे समई लावणारा हेरंब बघायला मी तिथे नव्हते, याचं मात्र दुःख आहे.

मला आता एवढंच लिही. गुणा तिथे कुडकुडला का? हे कळल्याशिवाय त्या मुलीबद्दल बरं-वाईट एक अक्षर लिहायचं नाही.

तुझ्या रागासकट तू आमचाच,
नलूआत्या

लालबाग,
२३ ऑगस्ट २०२५

ती. नलूआत्यास शि. सा. न. वि. वि.

नाही कुडकुडले.

भायखळ्याला पहिल्या दिवशी बाबांना सुई लावायच्या आधी मी तिथल्या बाईंना विचारलं, नोंदणीचा दाखला कुठे लावलाय, हे मशीन त्यात धरलंय का, पाण्याचा रिपोर्ट कधीचा आहे. त्या वैतागल्या. बाबा त्यांना म्हणाले, मनावर घेऊ नका, त्याचं कुठेतरी बिनसलंय. दाखला भिंतीवर होता, रिपोर्ट याच महिन्याचा. बाबा चार तास शांत झोपले. आईने दिलेली गोधडी पिशवीतून बाहेरच काढली नाही. त्यानंतरही एकदाही थंडी वाजली नाही.

आमच्या पाइपचा नमुना खराब निघाला. साहेबांच्या परवानगीने सील काढून तो मीच कापला. आतून बुळबुळीत होता, शेवाळलेल्या मोरीसारखा. आत्या, तेच पाणी बाबांचं रक्त धुवायला जात होतं. मी तिथेच बसून राहिलो. हेरंबकाकाही आले, बघून गेले. संध्याकाळी सातांच्या अर्जावर त्यांनी सही केली. आता पाइप नवीन आणि त्या खोलीसाठी आणखी एक टेक्निशियन, मग फेरतपासणी. तोवर बाबा भायखळ्यालाच.

काल पूर्वीकडे गेलो. जे बोलायचं ठरवलं होतं त्यातलं काही आठवेना. चुकलो, एवढंच म्हणालो. ती मशीन धूत होती. तिने विचारलं, बाबांना थंडी वाजते का अजून? मी म्हटलं, नाही. म्हणाली, मग बरं झालं. आणि पुढच्या पेशंटकडे वळली.

रात्री बाबा मला म्हणाले, ती पोरगी तुझ्यावर रागावलीय का रे? मी म्हटलं, हो. म्हणाले, मग रागावू दे तिला पोटभर, तू मध्ये बोलू नकोस.

तर सध्या मी बोलत नाही. तुझा आशीर्वाद तेवढा पाठव, सल्ला बाबांनी दिलाय.
तुझा,
विनीत