हेल्गाबाईंच्या गावचा किल्ला

१२ ऑक्टो., रवि.
दिवाळी तोंडावर आली. नातीला, ईराला, यंदा किल्ला हवाच. मागच्या अंगणात कुंपणापाशी जागा ठरली. परदेशातल्या या पॉइंट कुकची माती चिकट, हाताला सोडत नाही. किल्ल्याला झकास. मंदार म्हणाला, "बाबा, गुडघे सांभाळा. आणि लॉनची वाट लावू नका." अर्धं ऐकलं.
शेजारच्या हेल्गाबाई वॉकर ढकलत आल्या. जर्मन, नव्वदीला टेकलेल्या, एकट्या. घर विकलंय, दिवाळीनंतरच्या शनिवारी मुलगी जिलाँगच्या वृद्धाश्रमात नेणार. मातीकडे बघत म्हणाल्या, "आमच्या गावातही किल्ला होता. डॉक्टर आता विमानात बसू देत नाहीत. तोच बांधाल? एकदा बघून जाईन."
मी विचारात, तोवर ईरा, "शुअर! नो वरीज."

१४ ऑक्टो., मंगळ.
बाई खुर्चीत, मी मातीत. त्या सांगतात तसं गाव उभं राहतंय. खाली नदी, काठाला मिठाच्या व्यापाऱ्यांची घरं, चौक, चर्च, टेकडीवर सरदाराचा किल्ला. मिठाच्या नावा जायच्या, सरदार वरून बघायचा आणि प्रत्येकीकडून जकात घ्यायचा. पुढे मिठाला दुसरा रस्ता सापडला. नावा थांबल्या, सरदार गेला, किल्ल्यात शाळा भरू लागली. बाई तिथेच शिकल्या. किल्ल्यात शाळा! हेवा वाटला. आमचे वर्ग गोडाउनात, तरी कवितेच्या तासाला...
नदीवरची शाळेतली कविता म्हणून दाखवली. त्यांनी त्यांची म्हटली. तीही नदीचीच असावी. शब्द कळला नाही एकही, पण मी बोटांवर मात्रा मोजत होतो. बरोबर पडत होत्या.

१६ ऑक्टो., गुरु.
घोटाळा. दरवाजा हाताच्या सवयीने आपल्यासारखा झाला. बुरुजाआड वळवलेला, समोरून दिसूच नये असा.
"दार कुठाय?"
"लपवलंय. शत्रूला सापडू नये म्हणून."
"आमचं सरळ चौकाकडे उघडायचं. नदीपलीकडूनही दिसायचं."
मोडायला हात घातला, तर बाईंनी थांबवलं. महायुद्धात शेवटी शेवटी गाव जळलं, तेव्हा त्या ईराएवढ्या. आई हात धरून त्याच दारातून... मग म्हणाल्या, "राहू दे तुमचं. असं दार असतं तर गाव वाचलं असतं कदाचित."
वरून बॉम्ब टाकणाऱ्याला कुठलं दार लागतं? हात मागे घेतला. दार राहिलं.

२० ऑक्टो., सोम.
अभ्यंगस्नान, फराळ. बाईंनी चकली चहात बुडवून खाल्ली. सून बघत राहिली, मीही. अळीव उगवलेत, टेकडी हिरवीगार. ईराने महाराजांना सिंहासनावर बसवलं.
"हे कोण?" बाई.
"आवर किंग. ही विल लुक आफ्टर युअर टाउन."
"बरं झालं. आमचा नुसती जकात घ्यायचा."

२५ ऑक्टो., शनि.
नेलं त्यांना. आधी किल्ल्यापाशी आल्या. मुलीला त्यांच्या भाषेत एकेक जागा दाखवली. नदी, चौक, शाळा. मुलगी आधी घड्याळ बघत होती, मग बघेनाशी झाली. बुरुजामागचं दार तिने स्वतः शोधून काढलं. बाई हसल्या.
गाडीत बसताना म्हणाल्या, "मोडू नका. ख्रिसमसला येते." मागे मुलीने माझ्याकडे बघून हळूच नकारार्थी मान हलवली.
"नाही मोडत," म्हटलं. आमच्यात तुळशीचं लग्न झालं की किल्ला काढतात, हे सांगितलं नाही.

२ नोव्हें., रवि.
कुंडीतल्या तुळशीचं लग्न लागलं. अक्षता लॉनभर. मंदार फावडं घेऊन आला. "बाबा, काढायचा ना आता?"
ईरा किल्ल्यापुढे उभी. "हेल्गा सेड ख्रिसमस."
मंदारने माझ्याकडे पाहिलं. मी तुळशीकडे. फावडं त्याने कुंपणाला टेकवून ठेवलं, गॅरेजमध्ये नेलं नाही.
इथला उन्हाळा जवळ आला, उत्तरेचा गरम, कोरडा वारा सुटलाय. नदीकाठच्या घरांना भेगा पडू लागल्या. संध्याकाळी पाणी मारलं. दाराशी जरा जास्त.