मी गेल्याचा निरोप कोणी सोडावा

मी, खमाइस बिन सालेम केशाऊ, वय बहात्तर, पूर्वी रेम्ला पोस्टात तारबाबू व हल्ली नुसताच कुरकुऱ्या, राहणार अल-अताया, केरकेना बेट, आज पूर्ण अक्कलहुशारीने, राजीखुशीने आणि कोणाच्याही दडपणाखाली नसताना (डॉक्टरांनी पोटाचे फोटो बघून मान हलवली, ते दडपण धरत नाहीत) हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. नोटरी रौधाबाईंनी "थोडक्यात लिहा, खमाइसराव" असं मला दोनदा बजावलं आहे. जन्मभर तारा केल्या, थोडक्यातच लिहीत आलो. आता मला ऐसपैस लिहायचं आहे, आणि बाईंनी ते सहन करावं.

कलम १. कायदा मला मिळकतीच्या तिसऱ्या हिश्श्यापलीकडे हात लावू देत नाही, आणि लावायची माझी इच्छाही नाही. घर, अंगणातलं अंजिराचं झाड, आणि समुद्रातला आमचा तुकडा, जिथे दरवर्षी खजुराच्या झावळ्या रोवून मासे अडवायचं कुंपण उभं राहतं, हे सगळं माझी एकुलती मुलगी सिहेम हिचं. ती फ्रान्समध्ये नांतला असते. तिला मासा खाता येतो, साफ करता येत नाही. तिने कुंपण भाड्याने द्यावं. अंजीर कोणालाही देऊ नये, स्वतः येऊन खावे.

कलम २. ऑक्टोपस धरायची मातीची मडकी, दोर आणि होडीची वल्ही शेजारी लमीन याला द्यावीत. तो ती गेली कित्येक वर्षं न विचारता नेतोच आहे. आता नेताना त्याला इकडेतिकडे बघावं लागणार नाही.

कलम ३. आता ज्यासाठी एवढा कागद खर्ची घातला ती बाब. बेटाची ईमेल-यादी. ही मिळकत होत नाही असं रौधाबाई म्हणतात. न होवो. घरापेक्षा मला तिचीच काळजी जास्त आहे.

आमच्या बेटावर राहतात त्याहून जास्त माणसं बेटाबाहेर राहतात. मार्सेय, लियों, जेनोआ, जिथे काम मिळेल तिथे. सिहेम शिकायला गेली तेव्हा तिने ही यादी सुरू केली आणि मला तिचा राखणदार नेमलं. कोणीही एका पत्त्यावर लिहावं आणि ते सगळ्यांना पोचावं, इतकी साधी गोष्ट. वारा सुटल्यामुळे बोट बंद आहे, कोणाचं लग्न ठरलं, कोणाला वाळवलेला ऑक्टोपस हवा आहे. आणि मुख्य म्हणजे कोण गेलं. आमच्यात माणूस गेला की दुसऱ्या दिवसाचा सूर्य मावळायच्या आत दफन होतं. निरोप वेळेवर मिळाला तर विमान आणि बोट गाठून माणूस पोचतो. उशिरा मिळाला तर परक्या गावात भिंतीकडे तोंड करून रडायचं, दुसरं काय.

पुढे ही यादी जगाच्या नजरेत आली आणि घाण सुरू झाली. केस उगवायच्या गोळ्या, न काढलेल्या सोडतीचं बक्षीस, माझ्या वयाला न शोभणारे फोटो. तारखात्यात असं नव्हतं. तिथे शब्दागणिक पैसे पडायचे, त्यामुळे माणूस खोटं बोलताना हात आखडता घ्यायचा.

एकदा एका जनरलच्या विधवेचं पत्र आलं. नवरा गेला, पेटीभर सोनं परदेशात अडकलंय, सोडवायला मदत करा. मी ते पुसायच्या आत आमच्या लोकांची उत्तरं गेली. सोन्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. सगळ्यांनी सांत्वन केलं. "अल्लाह त्यांना जन्नत देवो, ताई, तुम्ही दोन घास खाल्लेत ना?" असं एकाने लिहिलं. लियोंच्या एका बाईंनी विचारलं, "तुम्ही क्रातेन गावच्या का हो? तुमच्या सासूबाईंना मी ओळखत असेन." मल्लीता गावच्या एका गृहस्थाने तर चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाचं कुस्कुस आपल्याकडून, असं जाहीर करून टाकलं. शेवटी त्या विधवेने, म्हणजे जो कोणी मिशीवाला त्या नावामागे बसला होता त्याने, लिहिलं, "तुम्ही सगळे फार चांगले आहात. मला बरं वाटलं." सोन्याचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

पण त्याच्या धंद्यातल्या बाकीच्यांना वास लागला की या यादीवर मरणाला भाव आहे. मग आमच्याच माणसांची नावं उचलून खोटी मरणं यायला लागली. अमुक आज पहाटे वारले, मय्यत गावी न्यायची आहे, या खात्यात मदत पाठवा. म्हणून मी दोन नियम केले. एक, यादीवरचं प्रत्येक पत्र आधी माझ्याकडे थांबेल आणि मी सोडलं तरच पुढे जाईल. दुसरा, मरणाचा निरोप आला की मेलेल्या माणसाच्या घरी फोन करायचा आणि त्यालाच बोलवायचं. "ते गेले का हो?" असं विचारणं अभद्र. "आहेत का घरी?" एवढंच विचारावं. फोनवर आले तर निरोप पुसावा. पलीकडे रडणं ऐकू आलं तर क्षमा मागावी आणि निरोप लगेच सोडावा. या कामात मी शिव्या पोटभर खाल्ल्या. अल-अतायाच्या एका आजी स्वतःच फोनवर आल्या आणि म्हणाल्या, "का रे, तुला एवढी घाई झालीय?"

कलम ४. माझा मामेभाऊ तिजानी बूझीद याच्याविषयी. हा मार्सेयला होता आणि गुडघेदुखीवर चुंबकाचे पट्टे विकायचा. वरचे नियम व्हायच्या आधी त्याने यादीवर एक पत्र टाकलं. मथळा होता, "तातडीचं, घरून निरोप". लोकांनी धडधडत्या काळजाने उघडलं तर आत पट्टे, दोनावर एक फुकट. तोवर जेनोआतल्या एका बिचाऱ्याने कपडे भरायला घेतले होते. मी तिजानीला यादीवरून हाकललं. त्याने फोनवर माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला, त्यातल्या अर्ध्या त्याच्याही होत्या, आणि बोलणं टाकलं. मी हाकललं ते बरोबरच केलं. आजही माझं मत तेच आहे आणि ते या कागदावर कायम राहावं.

बरीच वर्षं गेली. मग एका सकाळी निरोप आला की तिजानी बूझीद मार्सेयला वारले, मय्यत पाठवायला मदत करा. मी वाचलं आणि खुर्चीतच बसून राहिलो. माझी बायको दूजा म्हणाली, "नियम तुझाच आहे ना? मग कर फोन." मी केला.

"हॅलो, कोण?"

आवाज त्याचाच. "मी, खमाइस."

तो म्हणाला, "कोण गेलं?"

"तू."

"कधी?"

"आज पहाटे."

"बघ, आणि घरात मला कोणी बोललं पण नाही."

"मय्यत आणायला वर्गणी मागतायत तुझ्या नावाने."

"मग सोड ना निरोप. बघू तरी कोण कोण रडतंय."

"गप बस."

"तू रडला असतास का रे?"

"मी फोन केला ना," मी म्हणालो. त्यानंतर आम्ही दुपारच्या जेवणापर्यंत बोलत होतो. जाताजाता त्याने मला एक पट्टा फुकट पाठवायचं कबूल केलं. तो आला, आणि मी तो आजही गुडघ्याला बांधतो. गुण शून्य, पण सवय लागली आहे. तो माझ्यासोबत पुरू नये. नाहीतर तिजानीला तिथेही गिऱ्हाइकं सापडायची.

कलम ५. माझी बायको दूजा समुद्रापलीकडे स्फाक्स शहरातल्या इस्पितळात वारली. मी तिच्या उशाशी होतो. सिहेमने यादीवर निरोप टाकला. नियमाप्रमाणे तो माझ्याकडे येऊन थांबला. सोडणारा मी एकटा, आणि मी इस्पितळाच्या ओसरीवर तिची चप्पल हातात घेऊन बसलेला. ईमेल कोणाला सुचतंय? निरोप रात्रभर तसाच पडून राहिला. तिचा भाऊ जेनोआहून आला तेव्हा कबरीवरची माती सुकायला लागली होती. तो मला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

आता पुढची पाळी माझी आहे. मी गेलो की माझा निरोप यादीवर येईल, माझ्यापाशी थांबेल, आणि तो सोडायला मी नसेन. हे मी रौधाबाईंना सांगितलं तेव्हा त्या आधी हसल्या, मग त्यांनी चष्मा काढून पुसला. मला मरणाची फार भीती नाही. मला भीती आहे ती मशिदीतला इमाम, लमीन आणि कबर खणणारा एवढ्यांनीच मला पोचवण्याची. ज्यांच्या घरची मरणं मी इतकी वर्षं वेळेवर पोचवली, त्यांना माझं मरण महिन्याने कळावं हे मला सोसणार नाही. मला माणसं हवी आहेत. ती भरल्या बोटीने यायला हवी आहेत.

सिहेम म्हणते, "बाबा, बंद करा ही यादी, सगळे आता फोनवरच्या ग्रुपवर आहेत." त्या ग्रुपवर मी गेलो होतो. सकाळी गुलाबाचं फूल, दुपारी कर्करोगावर कांद्याचा रस, संध्याकाळी जिवंत माणसाला श्रद्धांजली. तिथे दाराशी कोणी नाही.

कलम ६. सबब सदर यादीचा पासवर्ड आणि राखणदारी मी तिजानी बूझीद याला देतो. तो आता बेटावर परतला आहे आणि रोज बंदरावरच्या कॅफेत माझ्यासमोर बसून पत्त्यांत लबाडी करतो. मी त्याला तिथेच विचारलं.

"मी?" तो म्हणाला. "मला तर तू हाकललंयस."

"हाकललंय. अजूनही हाकललेलाच आहेस."

"आणि राखणदार मीच?"

"लोकांना पत्र उघडायला कसं भाग पाडायचं हे तुझ्याइतकं कोणाला कळतं? खोटं तुला वाचायच्या आधी कळेल."

"हे कौतुक समजायचं का मी?"

"समज. शब्दामागे पैसे पडत नाहीत."

तो हसला. मग पत्त्यांवरून मान वर केली. "पण तुला एवढी घाई कसली लागलीय?"

मी पोटाचं सांगितलं. तोवर ते डॉक्टर आणि रौधाबाई यांनाच ठाऊक होतं. सिहेमला ती सुट्टीत आली की समोर बसवून सांगणार आहे. तिजानीने पत्ते गोळा केले, पिसले, पुन्हा पिसले, वाटलेच नाहीत.

"दुसऱ्या डॉक्टरला दाखव."

"दाखवलं."

"मग तिसऱ्याला दाखव की, गाढवा." आणि जरा वेळाने, "तुझ्या निरोपाखाली पट्ट्यांची एक ओळ टाकू का? अगदी बारीक अक्षरात."

"नाही."

"बरं," तो म्हणाला. त्या दिवशी कॉफीचे पैसे त्याने दिले. असं याआधी कधी झालेलं नाही.

कलम ७. निरोपाचा मजकूर मी ठरवून ठेवला आहे. "खमाइस केशाऊ, पोस्टातले, आज वारले. दफन अल-अतायाला. सगळ्यांनी यावं." शब्द वाढवू नयेत, कमी करू नयेत, खाली काहीही विकू नये. कोणी सांत्वनाची पत्रं लिहिली तर ती न तपासता सोडावीत, अगदी जनरलच्या विधवेचं आलं तरी.

कलम ८. माझ्यावर ज्यांचा राग आहे त्यांनी तो दफनाला येताना सोबत आणावा, हरकत नाही. येणं महत्त्वाचं.

येणेप्रमाणे मी हे वाचून, समजून, आणि रौधाबाईंनी तीन ठिकाणी लाल पेन्सिलने केलेल्या खुणांकडे काणाडोळा करून सही करत आहे. लमीनला मडकी मिळणार असल्याने तो साक्षीदार चालत नाही. यादी मिळकत नसल्याने तिजानी चालतो, हा कायद्याचा विनोद आहे, माझा नव्हे.

ठिकाण: अल-अताया, केरकेना.
तारीख: १७ ऑक्टोबर २०२३.

सही: खमाइस बिन सालेम केशाऊ

साक्षीदार पहिला: मोख्तार लूझ, कॅफेवाला. (सही)

साक्षीदार दुसरा: तिजानी बूझीद. (सही)

दुसऱ्या साक्षीदाराचा शेरा, त्याच्याच हस्ताक्षरात, नोटरीची हरकत असताना: सही माझी आहे. राखणदारी घेतली. फक्त कलम सातचा निरोप आला तर मी तो लगेच सोडीन असं कोणी धरून चालू नये. नियमाप्रमाणे आधी याच्या घरी फोन करीन आणि "खमाइस आहे का" म्हणून विचारीन. कोणी उचलला नाही, तरी बराच वेळ तो वाजू देईन.