बिनदाराचं गाव

४ मार्च
बोट उलटली! काठाजवळच, कमरेएवढ्या पाण्यात — तरी नाकातोंडात गेलं. बोटी दुरुस्त करणारा वरून ओरडला, "काकू, वल्हं सोडू नका!" मी वल्हं आणि बोट, दोन्ही सोडलं होतं. हे असते तर पोट धरून हसले असते.

६ मार्च
मुलाचा फोन. "आई, या वयात कयाक? लोक काय म्हणतील! महिनाअखेरीला न्यायला येतो. घर बंद करून टाकू."
बरं म्हणाले.
गेल्या वर्षी हीच कयाक खालच्या वळणावर रिकामी सापडली. हे सापडले नाहीत. सगळे म्हणतात, गेले. मीही तसंच म्हणते. पण पाहिलं कुणी?
घर बंद होण्याआधी एकदा नदीने वर, त्या ओस गावापर्यंत जाऊन यायचं आहे. हे त्या दिवशी तिकडेच निघाले होते.

९ मार्च
वाचनालयात दुपार गेली. जुन्या नकाशात ते गाव आहे, नव्यात नाही. नदीत गाळ भरला, धक्का बंद पडला, माणसं उठून गेली. अशी ओस गावं शोधत फिरायचं ह्यांना वेड. मी शाळा फार पाहिली नाही, वाचायला माझी मीच शिकले. पण ह्यांच्या आधी मला नकाशावर नदी सापडायची!

१२ मार्च
गेले!
वल्ह्यावरचं पाणी बाह्यांत उतरून कोपरापर्यंत गारठले. धक्क्याच्या पायऱ्या गाळात गेलेल्या. मधोमध सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना घरं. एकालाही दार नाही. नुसती भोकं. पाखरूसुद्धा नव्हतं.
अगदी शेवटच्या घराला मात्र दार — बंद. ढकललं. कडी आतून.
"अहो!" तोंडातून निघूनच गेलं.
आत कुणीतरी हातातलं काम थांबवावं, तशी शांतता झाली. तोवर आत आवाज होता हे मला तेव्हा कळलं.
बोटीत कशी बसले, आठवत नाही.

१३ मार्च
हात उचलत नाहीत.

१५ मार्च
त्या गावातून आलेली एक म्हातारी शिंपीण बाजारामागे राहते. कपडा शिवायचं निमित्त काढून गेले.
"दारं? अगं, दारं आम्ही होड्यांत घालून आणली. हे बघ, तिथलंच. चौकटीत बसेना म्हणून खालून कापलं, आता उंदीर येतात!"
"एका घराला आहे."
तिने मशीन थांबवलं. "घरातलं कुणी नदीवर जाऊन परत आलं नाही, तर त्या घराचं दार ठेवून यायचो. सताड उघडं. त्याला घर सापडावं म्हणून."
"ते बंद आहे. आतून."
"म्हणजे आलं कुणीतरी." पुन्हा मशीन सुरू. मग वर न बघता, "हाक मारलीस का?"
मी मान डोलावली.
"नाव घेऊन मारली असशील तर ठीक. ज्याचं नाव, तोच ओ देतो. नुसती मारलीस, तर कुणीही देईल."
ह्यांना मी जन्मात कधी नावाने हाक मारलेली नाही.

२२ मार्च
आरशासमोर ह्यांचं नाव घेऊन पाहिलं. हसू आलं — नव्या नवरीसारखं! दुसऱ्यांदा घेतलं, तेव्हा रडू.

२६ मार्च
मुलाने भांडी बांधून ठेवायला सांगितलं आहे. एक कढई तेवढी खोक्यात घातली. परत काढली.
शिंपीण रस्त्यात भेटली. "जाऊ नकोस गं," एवढंच म्हणाली. कुठे, ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

२९ मार्च
आज पुन्हा वर गेले, त्या बंद दारासमोर बराच वेळ उभी होते. नाव जिभेवर होतं. पण नाव घेतलं आणि ओ आलीच नाही, तर?
"अहो," म्हटलं.
कडी निघाली.

३० मार्च
काल येताना बोट फार जड लागत होती. मुलाला कळवलं — न्यायला येऊ नकोस, मी एकटी नाही.