उजेडात उजेड मिळवून अंधार दाखविल्याबद्दल नापास झालेल्या मुलीची फेरपरीक्षा

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी साहेब,
निमाड जिल्हा, खंडवा.

विषय : कु. उषा लोटू महाजन, रा. फोपनार, हिची भौतिकशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा पुन्हा घेण्याविषयी.
संदर्भ : अर्जदाराचे यापूर्वीचे अनुत्तरित अर्ज.

महोदय,

अर्जदार हा बऱ्हाणपूरच्या इतवारा पेठेतील मराठी शाळेत विज्ञान शिकवितो. कु. उषा ही त्याची विद्यार्थिनी.

१. मॅट्रिकच्या प्रात्यक्षिकास नेमलेले परीक्षक आले नाहीत, म्हणून भूगोलाच्या एका हिंदी गुरुजींना बसविण्यात आले. उषाने कंदिलापुढे पत्र्याची फट ठेवली, काजळी धरलेल्या काचेवर पात्याने दोन बारीक रेघा ओढल्या व त्यांतून उजेडाचे पट्टे दाखविले. गुरुजींनी विचारले, "बीच में ये काली पट्टी क्यों?" ती म्हणाली, "दोन्हीकडच्या लाटा तिथं एकमेकींना मारतात, सर. उजेडात उजेड मिळून अंधार होते." "मज़ाक करती हो?" असे म्हणून त्यांनी शून्य गुण दिले व 'उद्धट' असा शेरा मारला. उत्तर बरोबर होते. क्रमिक पुस्तकातही तेच आहे.

२. गेल्या नोव्हेंबरात राज्यांची फेररचना झाली. जुने परीक्षा मंडळ म्हणते, बऱ्हाणपूर आता आमच्या राज्यात नाही. नवे मंडळ म्हणते, अभ्यासक्रम आमचा नाही. मुलीला नापास मात्र दोन्ही मंडळे धरतात.

३. नापास झाल्यास लग्न, असे घरी ठरलेच होते. चांदनी गावच्या स्थळाला होकार गेला. उषा जेवेना, पुस्तकाला हात लावेना. वडील दाखला काढून घेण्यास शाळेत आले, तेव्हा अर्जदाराने खिडक्या लावून तोच प्रयोग मांडला व काच त्यांच्या हाती दिली. त्यांनी ती बराच वेळ डोळ्यांशी धरली. मग म्हणाले, "काळ्या रेघा तर दिसून राहिल्या, मास्तर. मंग पोरगी खोटं काय बोलली?" दाखला न घेताच ते गेले आणि त्याच दिवशी चांदनीला जाऊन त्यांनी दिलेला शब्द मागे घेतला. भाऊबंदांनी त्यांच्याशी बोलणे टाकले आहे. उषा पुन्हा पुस्तक घेऊन बसू लागली आहे.

४. कॉलेजचे प्रवेश याच महिन्यात बंद होतात. साहेबांनी कोणताही जाणकार परीक्षक नेमावा, मराठी, हिंदी कोणत्याही भाषेत विचारावे. मुलगी तयार आहे. तेही शक्य नसेल, तर ती नापास का, हे फोपनारला येऊन तिच्या वडिलांना साहेबांनी स्वतः समजावून सांगावे. अर्जदाराच्याने ते होणार नाही.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
लीलाधर अनंत वाणी
बऱ्हाणपूर, १२ जून १९५७

सोबत : गुणपत्रिकेची नक्कल, दोन्ही मंडळांची उत्तरे.