वाटेसाठी काळे बूट

ब्रेस्त, गुरुवार, २२ फेब्रुवारी

प्रिय रिहोर,

अनेक आशीर्वाद. तू बरा असशील, गळ्याला मफलर गुंडाळत असशील आणि उपाशीपोटी कामावर जात नसशील, असं धरून चालते. सीमेवर फोन उघडून बघतात, म्हणून हा कागद. ल्युबामावशी उद्या खरेदीला पोलंडात येते आहे, ती तुझ्या हातात देईल. तिला चहा पाज. ती गेल्यावरच पुढचं वाच.

इकडे थंडी हटायचं नाव घेत नाही. जिन्यातला दिवा अजून गेलेलाच आहे. आईची मांजर माझ्याकडे राहायला आली आहे आणि माझ्याच उशीवर झोपते.

जानेवारीत मी तिकडे आले, तेव्हा तू आईसाठी घेतलेल्या बुटांचं सांगायचं राहिलं. माल देशाबाहेर नेला की कर परत मिळतो, दुकानातली बाई त्याचा कागद करत होती, तेव्हा तू माझा पासपोर्ट बाजूला सारलास आणि आईच्या पासपोर्टाची प्रत पुढे केलीस. मी म्हटलं, "अरे, नेणार मी. तिच्या नावाचा काय उपयोग?" तर तू हसलास. "एप्रिलअखेर मुदत आहे. ती बूट घेऊन इकडे येईल, जाताना सीमेवर कस्टमच्या खिडकीत स्वतः दाखवेल आणि पैसे घेईल. आपल्या आईला फुकट सोडलेले पैसे झोपू देतील का? बघ कशी धावत येते."

आईनं निरोप दिला होता, "रिहोरला सांग, वाटेसाठी काळे बूट घे. मऊ, बिनटाचेचे." तू वाट म्हणजे तुझ्याकडे यायची वाट समजलास. सहा वर्षं तिकडे राहून विसरलास, इथल्या म्हाताऱ्या कोणत्या वाटेची तयारी करतात ते. कपाटाच्या खालच्या खणात तिचं गाठोडं होतं. झगा, रुमाल, मोजे, मेणबत्त्या, सगळं कोरं. फक्त बूट नव्हते. तुझा चेहरा इतका खुलला होता की मी खोका उचलून पिशवीत घातला.

येताना पोलंडच्या बाजूला मीच तो कागद खिडकीत सरकवला. कस्टमवाल्यानं खोका उघडला, तळवे बघितले, कागदावरचं आईचं नाव वाचलं.

"माल नवा आहे. मारफा कुठे आहे?"

"घरी. आजारी आहे."

"मग बरी झाल्यावर येऊ दे. ज्याच्या नावावर खरेदी, त्यानंच माल न वापरता बाहेर न्यायचा. हे मी नाही ठरवलं, बाई."

वाईट माणूस नव्हता. मागे बसभर बायका ताटकळत होत्या. मी कागद घेतला आणि म्हटलं, "येईल."

सीमेवरच्या बूग नदीच्या पुलावर बस थांबली आणि नेहमीसारखी खरखर सुरू झाली. पोलंडच्या खिडकीवर नवं असलेलं सगळं आपल्या खिडकीवर जुनं व्हायला हवं, म्हणून बायका किमतीच्या चिठ्ठ्या फाडत होत्या, कोटावर कोट चढवत होत्या. ल्युबामावशी म्हणाली, "ताइसा, खोका फेक आणि घाल ते पायात. नाहीतर वजनात मोजून जकात लावतील. म्हातारीला काय कळतंय?"

मी घातले नाहीत. खोका मांडीवर घट्ट धरून बसले. आपल्याकडच्या कस्टमच्या पोरानं तपासलं, भुवया उंचावल्या आणि सोडलं.

आईनं बूट हातात घेतले, आधी उलटे करून पाहिले. "कुणी चालून बघितलं नाही ना?" मी नाही म्हटलं. मग तिनं ते छातीशी धरले. कागदाचं सांगितल्यावर खूप हसली. म्हणाली, "गाढव आहे माझा पोरगा. मला पैशाची लालूच दाखवतो." हसता हसता तिला खोकला लागला आणि तो थांबेना.

रिहोर, आई गेली. दहा तारखेला पुरलं तिला. तिनंच मला शपथ घातली होती, "माती पडेपर्यंत त्याला कळवू नकोस. तो येईल, आणि पोलीस त्याला धरतील." तिचं खरं होतं. दोन अनोळखी माणसं दफनाला आली. मागे उभी राहिली, जेवायला थांबली नाहीत. जाताना एकानं विचारलं, "मुलगा नाही आला?" मी म्हटलं, त्याला ठाऊक नाही. तेवढंच खरं बोलले त्या दिवशी.

तुझा हक्क मी हिरावला. दुसरं काही सुचत असतं तर केलं असतं. मला शिव्या दे, पण येऊ नकोस.

बूट मीच घातले तिच्या पायात. बरोब्बर बसले. तळव्यांना कणभर धूळ नव्हती. कागद तिच्या नावाचाच होता, आणि माल तिनंच नेला, एकदाही न वापरता. शिक्का तेवढा राहिला. तो कागद मी तिच्या उशाशी ठेवला. तुझ्याकडे यायचं तेवढंच तिकीट होतं तिच्याजवळ.

पुलाच्या या बाजूला आता एकटीच उरलेली,
तुझी ताइसा